परभणीचं पेट्रोल महाग का? आपल्या गावचा दर स्वतः उलगडून बघा

परभणीत आमचा पेट्रोल पंप आहे. इंडेंट (कंपनीकडं मालाची मागणी) टाकणं, टँकर उतरवून घेणं, रोजचा हिशेब लावणं ही कामं माझ्याकडं आहेत, त्यामुळं दराबद्दलचा राग सगळ्यात आधी माझ्याच टेबलावर येतो. "ताई, मुंबईला स्वस्त आणि आपल्याकडंच महाग, असं का?" विचारणाऱ्याचं बरोबर असतं. राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलच्या यादीत परभणीचं नाव वर्षानुवर्षं वर असतं. मुंबईपेक्षा कधी दोन, कधी तीन रुपयांनी जास्त. पण तोंडी उत्तर दिलं की ते पटत नाही. सरकार, कंपनी, अरब देश किंवा आम्ही पंपवाले, यांपैकी कुणावर तरी खापर फोडून माणूस निघून जातो. म्हणून मी कागद पुढं ओढते आणि दर मांडून दाखवते. तीच मांडणी इथं देते आहे. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम होतं.

कागदाला हात लावण्याआधी प्रश्न सुटे करून घ्या. आजचा दर दोन वर्षांपूर्वीपेक्षा वेगळा का, हा एक प्रश्न. गोव्यापेक्षा किंवा गुजरातपेक्षा महाराष्ट्रात महाग का, हा दुसरा. आणि मुंबईपेक्षा परभणीत महाग का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं निरनिराळी आहेत आणि लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला लावतात. "परभणीत महाग, कारण कच्चं तेल वाढलं" हे कधीच खरं नसतं. कच्चं तेल मुंबईच्या माणसालाही तेवढंच वाढलेलं असतं.

आकडे गोळा करताना

चार दर लागतील: तुमच्या नेहमीच्या पंपाचा, मुंबईचा, दिल्लीचा आणि तुम्हाला जवळ पडेल अशा शेजारच्या राज्यातल्या एखाद्या शहराचा. चारही एकाच तारखेचे आणि सकाळी सहानंतरचे घ्या. 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी सहाला दर ठरतो. त्याआधी तो पंधरवड्यानं बदलायचा.

वर्तमानपत्रात "परभणी" म्हणून छापलेला दर म्हणजे शहरातल्या प्रत्येक पंपाचा दर नव्हे. दोन कंपन्यांच्या, कधी एकाच कंपनीच्या दोन पंपांतही काही पैशांचा फरक असतो, कारण डेपोपासूनचं, म्हणजे कंपनीच्या तेलसाठ्यापासूनचं, अंतर पंपागणिक मोजलेलं असतं. म्हणून आपल्या पंपाचाच दर घ्या. इंडियन ऑइलचा पंप असेल तर तिथं डीलर कोड लावलेला असतो. आरएसपी ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो कोड, असा एसएमएस 9224992249 वर पाठवला की त्या पंपाचा त्या दिवसाचा दर येतो. बाकी कंपन्यांच्याही अशा सोयी आणि ॲप आहेत.

आणि साधं पेट्रोल धरा, जास्त दराचं प्रीमियम नको. फेब्रुवारी 2021 मध्ये परभणीत पेट्रोलनं शंभरी गाठल्याची बातमी देशभर गेली, ती प्रीमियमची होती. साधं पेट्रोल त्याच महिन्यात राजस्थानातल्या श्रीगंगानगरला शंभरच्या वर गेलं. मुंबईत ते 29 मे 2021 ला झालं. दोन जाती एकत्र केल्या की पुढचा सगळा हिशेब फसतो.

आधी दिल्लीचा कागद मांडा

परभणीचा हिशेब मांडायला दिल्ली कशाला, असं वाटेल. कारण सोपं आहे: तेल कंपन्या दराची फोड करून दाखवतात ती दिल्लीच्या दराची. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाच्या संकेतस्थळावरही ती मिळते. 2025 च्या मध्यातली फोड अशी होती. डीलरला कंपनी माल देते तो भाव 53.07 रुपये, त्यात दिल्लीपुरतं वाहतुकीचं भाडं फक्त 24 पैसे. केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, 21.90. डीलरचं कमिशन 4.40. दिल्ली सरकारचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, 15.40. बेरीज 94.77. तुम्ही वाचाल तेव्हा आकडे बदललेले असतील, पण रकाने हेच राहतील. कागदावर रकाने पाडा आणि त्या दिवसाचे आकडे भरा.

पहिला रकाना, 53.07 चा, सगळ्यात जास्त चर्चेचा आणि सगळ्यात कमी समजलेला. एका पिंपात 159 लिटर कच्चं तेल. पिंप 70 डॉलरला आणि डॉलर 85 रुपयांना धरला तर पिंपाचे 5,950 रुपये, म्हणजे लिटरला साडेसदतीस रुपयांच्या आत. मग 53 कसे? कारण कंपन्या डीलरला भाव लावतात तो कच्च्या तेलाच्या भावावरून नव्हे, तयार पेट्रोलच्या आंतरराष्ट्रीय भावावरून. 2006 पासून ही पद्धत आहे: 80 टक्के वजन "हे पेट्रोल बाहेरून आणलं असतं तर किती पडलं असतं" याला, 20 टक्के "बाहेर विकलं असतं तर किती मिळालं असतं" याला. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीत तयार झालेल्या लिटरलाही हाच हिशेब. शिवाय कंपनीचा विक्रीचा खर्च आणि नफाही याच रकान्यात असतो.

इथं दोन ठोकताळे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. डॉलर 85 च्या आसपास असताना कच्चं तेल पिंपामागं एक डॉलरनं वाढलं की लिटरला साधारण 53 पैसे वाढतात. आणि पिंप 70 डॉलरवर असताना डॉलर एक रुपयानं महागला की लिटरला 44 पैसे वाढतात. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, म्हणून रुपयाची घसरण थेट या रकान्यात उतरते. टीव्हीवर "कच्चं तेल पाच डॉलरनं भडकलं" ऐकलं की पाच गुणिले 53 पैसे करा. अडीच रुपयांच्या वर थोडं. दर दहानं वाढणार असं कुणी सांगत असेल तर त्याला हा गुणाकार दाखवा.

बोर्ड हलत नाही तेव्हा आत काय हलतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. दर रोज बदलू शकतो म्हणजे तो रोज बदलतो असं नाही. पेट्रोलचा दर सरकारी नियंत्रणातून जून 2010 मध्ये मोकळा झाला, डिझेलचा ऑक्टोबर 2014 मध्ये. तरी 4 नोव्हेंबर 2021 पासून मार्च 2022 पर्यंत, म्हणजे उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, दर जागचा हलला नाही. मग 22 मार्च ते 6 एप्रिल 2022 या पंधरा दिवसांत लिटरला दहा रुपये वाढले. त्यानंतर पुन्हा दीर्घ शांतता. कर कमी झाले तेव्हा दर उतरला. 15 मार्च 2024 ला कंपन्यांनी दोन रुपये कमी केले. बाकी 2025 च्या मध्यापर्यंत बोर्ड जवळजवळ स्थिर.

बोर्ड स्थिर म्हणजे सगळं स्थिर असं समजू नका. मार्च 2024 ची दिल्लीची फोड शेजारी ठेवा: कंपनीचा भाव 55.66, एक्साइज 19.90, कमिशन 3.77, व्हॅट 15.39, एकूण 94.72. आणि 2025 च्या मध्यात एकूण 94.77. बोर्डावर पाच पैशांचा फरक. आत मात्र कंपनीचा भाव 2.59 रुपयांनी उतरला, एक्साइज 2 रुपयांनी चढली, कमिशन 63 पैशांनी वाढलं, व्हॅट एक पैशानं. एप्रिल 2025 मध्ये कच्चं तेल स्वस्त झालं होतं, तेव्हा केंद्रानं एक्साइज दोन रुपयांनी वाढवली आणि ती ग्राहकाच्या दरात दिसली नाही. दर वाढला नाही म्हणून कुणी काही बोललं नाही. पण जो उतार तुमच्यापर्यंत यायला हवा होता तो वाटेतच जिरला. हे कागद मांडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तर मी मांडा म्हणते.

याहून मोठं उदाहरण 2020 चं. टाळेबंदीत, त्या एप्रिलमध्ये, भारत घेतो त्या कच्च्या तेलाची सरासरी 20 डॉलरच्या आसपास आली होती. मार्चमध्ये एक्साइज 3 रुपयांनी आणि मेमध्ये पेट्रोलवर 10, डिझेलवर 13 रुपयांनी वाढवली गेली. पेट्रोलवरची एक्साइज जवळपास 33 रुपये झाली. नंतर ती नोव्हेंबर 2021 मध्ये 5 रुपयांनी, मे 2022 मध्ये 8 रुपयांनी उतरली आणि 19.90 वर आली. या तारखा कागदाच्या समासात लिहून ठेवा. "आमच्या वेळी तेल महाग असूनही पेट्रोल स्वस्त होतं" या वादाचं अर्धं उत्तर या समासात मिळतं.

उलट बाजूही न्यायानं लिहायला हवी. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानं तेल भडकलेलं असताना दर गोठवलेले होते, तेव्हा इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांनी 2022-23 च्या पहिल्या सहामाहीत मोठा तोटा सोसला. 2023-24 मध्ये तेल उतरलं, दर तसाच राहिला, आणि त्याच तिघींचा मिळून निव्वळ नफा सुमारे 81 हजार कोटी झाला. गोठवलेला दर म्हणजे कधी ग्राहकाला उधारी, कधी ग्राहकाकडून वसुली.

इथेनॉलचा मुद्दा झटकन सांगते, कारण ऊसवाल्या भागातले लोक तो हमखास काढतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते डेपोतच मिसळून येतं. त्यानं पेट्रोल स्वस्त होईल ही अपेक्षा आकड्यांत बसत नाही. 2024-25 च्या हंगामात कंपन्या सी-हेवी मळीचं (साखर काढून झाल्यावर शेवटी उरते ती) इथेनॉल 57.97 ला, बी-हेवीचं (थोडी साखर शिल्लक असलेली मळी) 60.73 ला, उसाच्या रसाचं 65.61 ला आणि मक्याचं 71.86 ला घेत होत्या. वरचा 53 चा रकाना बघा. इथेनॉल त्याहून महाग आहे, आणि लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. आयात वाचते, कारखान्यांची देणी भागतात, हे फायदे खरे आहेत. दर उतरणं हा त्यांतला फायदा नाही.

राज्याचा रकाना

दिल्लीचा कागद झाला की मुंबईचा सोपा आहे. पहिले रकाने जवळपास तेच, बदलतो तो व्हॅट. महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि शिवाय लिटरला 5.12 रुपये ठोक. मुंबईचा 2025 च्या मध्यातला दर 103.50 होता. त्यातून आधी 5.12 वजा करा: 98.38. उरलेल्याला 1.25 नं भागा: 78.70. म्हणजे टक्केवारीचा व्हॅट 19.68, ठोक 5.12, मिळून 24.80. डीलरच्या कमिशनवर कर कसा धरला यानं काही पैसे इकडंतिकडं होतील, म्हणून ढोबळ 24 ते 25 रुपये धरा. दिल्लीत हाच रकाना 15.40. मुंबई-दिल्लीच्या दरातला पावणेनऊ रुपयांचा फरक जवळजवळ सगळा इथंच आहे. समुद्रकिनारा, दोन रिफायनऱ्या, बंदर सगळं मुंबईत असून मुंबई दिल्लीपेक्षा महाग, ते या एका रकान्यामुळं.

टक्केवारीचा कर म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण परभणीची गोष्ट इथूनच सुरू होते. 25 टक्के कशाचे? केवळ तेलाच्या किमतीचे नाहीत. एक्साइज धरून येणाऱ्या रकमेचे. केंद्राच्या 21.90 रुपयांवर राज्याचे 5.48 रुपये. कर, आणि त्या करावर कर.

ठोक रकमेचाही इतिहास आहे. 2015 च्या दुष्काळात राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये दुष्काळासाठी म्हणून लावले. 2017 मध्ये महामार्गावरची दारूची दुकानं कोर्टाच्या आदेशानं बंद झाली आणि महसूल बुडाला, तेव्हा पेट्रोलवर आणखी 3 रुपये आले. मध्ये थोडे कमी झाले, 2020 च्या जूनमध्ये पुन्हा वाढले. ही रक्कम 10.12 पर्यंत गेली होती. जुलै 2022 मध्ये 5 रुपये कमी करून ती 5.12 झाली. दुष्काळाच्या नावानं आलेला पैसा दुष्काळ संपल्यावरही दरात राहिला, आणि तो भरणाऱ्यांत ज्यांच्या शिवारात दुष्काळ पडला तेही होते. मराठवाड्यातला माणूस म्हणून हे मला लागतं.

शेजारच्या राज्यांचा दर इथं कामाला येतो. गुजरातेत पेट्रोल मुंबईपेक्षा साधारण नऊ रुपयांनी स्वस्त, म्हणून नवापूर-तलासरीकडून जाणारी गाडी सीमा ओलांडून टाकी भरते आणि अलीकडच्या पंपांवर शुकशुकाट असतो. गोव्यात सातेक रुपयांनी स्वस्त. मनोहर पर्रीकरांनी 2012 मध्ये तिथला पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला तेव्हा दर एकदम 11 रुपयांनी उतरला होता. सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना ते दिवस अजून आठवतात. पण सगळे शेजारी स्वस्त आहेत असं समजू नका. 2025 च्या मध्यात तेलंगणात व्हॅट 35.2 टक्के होता आणि हैदराबादचा दर 107 च्या वर. भोपाळही मुंबईपेक्षा महाग. म्हणून धर्माबाद-बिलोलीच्या सीमेवर चित्र उलटं असतं. कर्नाटकानं जून 2024 मध्ये विक्रीकर वाढवला आणि तिथला दर एका दिवसात तीन रुपयांनी वर जाऊन आपल्या जवळ आला.

आता परभणी

इथपर्यंतचं सगळं मुंबईला आणि परभणीला सारखं लागू आहे. तरी वर दोन-तीन रुपये उरतात ते कुठले?

तेल मुंबईहून मनमाडला पाइपलाइननं येतं. मनमाडजवळ, नांदगाव तालुक्यात, पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. पाइपलाइन हा सगळ्यात स्वस्त रस्ता, त्याखालोखाल रेल्वे, आणि सगळ्यात महाग टँकर. पुण्याला लोणी काळभोर आहे, सोलापूरला पाकणी आहे. तिथपर्यंत पाइपलाइन जाते, म्हणून त्या शहरांना टँकरचं अंतर थोडंच पडतं. परभणीला पानेवाडीहून छत्रपती संभाजीनगर, जालना, मंठा, जिंतूर असं तीनशे किलोमीटरच्या आसपास टँकरनं यावं लागतं. आणि टँकर रिकामा परत जातो, त्याचंही भाडं याच मालावर बसतं.

कागदावर असं करा. तुमच्या पंपाच्या दरातून मुंबईचा दर वजा करा. समजा 2 रुपये उरले. त्याला 1.25 नं भागा: 1.60. हा वाहतुकीचा फरक. उरलेले 40 पैसे हा त्या वाहतुकीवर लागलेला व्हॅट. कारण डेपोपासून पंपापर्यंतचं भाडंही व्हॅट लागणाऱ्या रकमेत धरलेलं असतं. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर भाड्याचे 19,200 रुपये, आणि भाड्यावरच्या कराचे 4,800. अंतर आमच्या वाट्याला आलं ते भूगोलामुळं, पण त्या अंतरावर कर लावायचा हे माणसांनी ठरवलेलं आहे. परभणी, नांदेड, हिंगोलीचा माणूस मुंबईच्या माणसापेक्षा राज्याला लिटरमागं जास्त कर देतो, आणि तो केवळ लांब राहतो म्हणून. मला याचा त्रास होतो. ज्या जिल्ह्यात पगार कमी, पाऊस बेभरवशाचा, तिथंच तेल महाग आणि त्यावरचा करही जास्त.

डिझेललाही हीच रीत लावा. 2025 च्या मध्यात एक्साइज 17.80 होती, राज्याचा व्हॅट 21 टक्के, म्हणून भागाकार 1.21 नं. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, मोंढ्यात माल नेणारा टेम्पो सगळे डिझेलवर. भाजीच्या भावात हे अंतर दुसऱ्यांदा उतरतं.

एक गोष्ट 2024 मध्ये घडली ती फार कमी जणांच्या ध्यानात आली. तोवर मुंबई-ठाणे-नवी मुंबईत व्हॅट 26 टक्के आणि राज्याच्या इतर बहुतेक भागात 25 होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मुंबई भागाचाही 25 केला. समान कर, चांगलंच झालं. जुलैपासून मुंबईचा दर 104.21 वरून 103.44 वर आला. परभणीच्या बोर्डावर त्यानं काही हललं नाही. म्हणजे मुंबई आणि आमच्यातला फरक एका निर्णयानं पाऊण रुपयानं रुंदावला, आमच्याकडं काहीही न वाढता. "परभणीत पुन्हा महाग" अशी बातमी आली की आधी मुंबई उतरली का ते बघा.

पानेवाडीचं नाव निघालं की मला आणखी एक आठवण टाळता येत नाही. 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथंच, मनमाडजवळ, तेलाची भेसळ पकडताना जिवंत जाळण्यात आलं. रेशनचं रॉकेल अनुदानामुळं अगदी स्वस्त आणि पेट्रोल-डिझेल कितीतरी महाग, या भावातल्या दरीतून ती भेसळ जन्मली होती. दराची रचना चुकली की त्याची किंमत कुठं आणि कोण मोजतं, हे आमच्या भागानं पाहिलं आहे. म्हणून दर म्हणजे केवळ खिशाचा प्रश्न असं मी मानत नाही.

पंपवाल्याचा रकाना

लोकांना वाटतं दर आम्ही ठरवतो. नाही. दर कंपनी ठरवते, आणि ज्या पंपांवर ऑटोमेशन आहे तिथं सकाळी सहाला तो मशीनमध्ये आपोआप बदलतो. आमच्या वाट्याला कमिशन, दिल्लीच्या कागदावर 4.40. त्यातून पोरांचे पगार, वीज, मेच्या उन्हात उडून जाणारं पेट्रोल, बँकेचं व्याज. हे कमिशन ऑगस्ट 2017 नंतर थेट ऑक्टोबर 2024 मध्ये वाढलं. दर शंभरच्या वर गेला तरी कमिशन त्या प्रमाणात वाढत नाही; मालात अडकलेलं भांडवल मात्र वाढतं. आणि दर एकदम उतरला तर टाकीतल्या मालाचा तोटा डीलरचा. 2021 च्या लक्ष्मीपूजनाला एक्साइज उतरली तेव्हा सणाची गर्दी धरून टाक्या भरून ठेवलेल्या देशभरातल्या डीलरांना तो बसला. ग्राहकाला स्वस्त मिळालं याचं वाईट वाटत नाही. एवढंच की या रकान्यात राग काढून दर उतरत नाही.

कागद झाला, आता पुढं

रकाने भरले की कुणाला काय विचारायचं ते ठरतं. कच्च्या तेलाला विचारता येत नाही. एक्साइजबद्दल खासदाराला विचारा. 25 टक्के आणि 5.12 बद्दल आमदाराला, तेही राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आधी, नंतर नाही. जीएसटीत पेट्रोल का नाही, हेही विचारायचं तर दोघांना विचारा: सप्टेंबर 2021 मध्ये लखनौला जीएसटी परिषदेपुढं तो विषय आला होता आणि आणायची वेळ नाही असं ठरलं. त्या परिषदेत केंद्र आणि राज्यं दोन्ही बसतात.

आणि वाहतुकीबद्दल एक मागणी अशी आहे जी होऊ शकते, कारण ती इतरत्र झालेली आहे. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस सरकारी तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत भाडं नव्यानं वाटून दिलं. ओडिशातल्या मलकानगिरी, छत्तीसगडमधल्या सुकमा अशा डेपोपासून लांबच्या ठिकाणी दर उतरले. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची आचारसंहिता होती, म्हणून त्या फेरीत आपलं राज्य नव्हतं. भाडं असं वाटलं की लांबच्या जिल्ह्याला रुपया-दोन रुपये कमी होतात आणि डेपोजवळच्या शहरांवर त्यातले थोडे पैसे चढतात, कारण खप तिकडं कितीतरी जास्त आहे. दुसरी मागणी राज्याकडं: डेपोपासून पंपापर्यंतचं भाडं व्हॅटच्या रकमेतून वगळा. त्यानं वरच्या उदाहरणातले 40 पैसे थेट जातील.

या दोन मागण्या एका अर्जात लिहू नका. एक कंपनीची आणि मंत्रालयाची, दुसरी राज्याच्या अर्थखात्याची. एकत्र लिहिल्या की दोघंही अर्ज एकमेकांकडं ढकलतात. अर्जाबरोबर आपला कागद जोडा, तारीख घालून, चारही दरांसह. आणि तोच कागद दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा भरा, म्हणजे पुढच्या वेळी बोर्ड हलला किंवा हलला नाही, तरी कुठला रकाना बदलला ते तुम्हाला आधी कळेल.